गोष्टीत रमायचं नाही

घड्याळबाईंची चिठ्ठी आत्यानं तीन वेळा वाचली. तिसऱ्या खेपेला तिला चिठ्ठीत दोन चुका सापडल्या, तेव्हा कुठे तिच्या जिवाला जरा बरं वाटलं. तिनं लाल पेन्सिल घेतली, दोन्ही चुकांभोवती गोल काढले आणि चिठ्ठी मुंगीच्या दप्तरात परत कोंबली. शाळेनं घरच्यांची सही मागितली होती. ही घ्या सही.

मजकूर मात्र पेन्सिलीनं खोडता येण्यासारखा नव्हता. मुंगी मिनिटाला एकोणतीस शब्द वाचते. तिसरीच्या मुलानं निदान साठ वाचायला हवेत. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होईल, आणि तेव्हाही फरक दिसला नाही तर तिला दुसरीच्या वर्गात बसवावं लागेल.

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्याला कारणही होतं. मुंगीला वाचायला शिकवलं होतं तिनं. मुंगी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. रांगायला लागली तेव्हा भिंतीच्या कडेकडेनं जायची म्हणून मुंगी, आणि आठ वर्षांची झाली तरी घरात तेच नाव. भाऊ मालाचा ट्रक घेऊन आठवड्यातले चार दिवस बाहेर. भावजय इस्पितळात रक्ताचे नमुने घ्यायची, ती संध्याकाळी उशिरा घरी यायची. दोन वर्षांपूर्वी आत्या निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली, आणि दुपारी शाळेतून आलेली मुंगी आयतीच तिच्या हाती लागली.

आत्यानं छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली होती. खिडकी नसलेल्या खोलीत दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवून एकेक शब्द ताडून बघायचा. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य तपासनिसानं तिला बजावलं होतं, ‘बाई, गोष्टीत रमायचं नाही. रमलात की चूक निसटली.’ आत्यानं हे वाक्य असं काही मनावर घेतलं की बस. एकतीस वर्षांत ती कशातही रमली नाही. एकदा औषधांच्या पुस्तकात दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं, ते तिनं पकडलं. सुटलं असतं तर दहापट डोसानं माणसं दगावली असती. तेव्हा मालक स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आला होता. ही हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती, कारण ती दर पंधरा दिवसांनी सांगितली जायची.

अशा बाईच्या भाचीला मंद म्हणायचं म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आत्या वर्गाच्या दारात उभी राहिली.

वाचनाच्या बाई चाळिशीच्या आसपासच्या, अंगानं काटक. गळ्यात दोरीला अडकवलेलं थांबघड्याळ. आत्यानं त्यांचं नाव विचारायचे कष्टच घेतले नव्हते. घरात त्यांचं नाव घड्याळबाई पडलं होतं ते पडलंच.

“मी मुंगीची आत्या.”

“ओळखलं. लाल गोल तुम्हीच काढलेत ना?”

“चुका तुम्हीच केल्या होत्यात.”

“घाईत लिहिली होती.”

“घाईचंच तर दुखणं आहे सगळं,” आत्या म्हणाली. “पोरींच्या उरावर घड्याळ घेऊन बसायचं. वाचन म्हणजे काय शर्यत आहे?”

“शर्यत नाही. सायकल आहे. फारच हळू चालवली की पडते.”

आत्याचा राग आणखीच चढला.

बाईंनी टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा काढला. पत्त्याएवढा, मधोमध बोटभर रुंदीची खिडकी कापलेला. “हा तुमचाच ना? ही एक शब्द बघते, तो वाचते, पुठ्ठा सरकवते, पुढचा बघते. वाक्याच्या शेवटाला पोचते तेव्हा सुरुवात डोक्यातून गेलेली असते.”

“चुकते का पण?”

“नाही.”

“एखादा शब्द तरी?”

“एकही नाही. म्हणून तर मला काळजी वाटते.” बाई टेबलाला टेकल्या. “पहिलीत होती तेव्हा चुकायची. आई थकून बसली असं छापलेलं असलं की ही वाचायची, आई दमून बसली. चुकायची, पण कळत असायचं तिला.”

“म्हणजे छापलंय एक आणि वाचायचं भलतंच! वा! असंच चाललं असतं ना, तर औषधाच्या पुस्तकात...”

“ही आठ वर्षांची आहे हो. औषधं नाही देत कुणाला.”

मग बाईंनी उपाय सांगितला. आत्यानं हाताची घडी घालून तो ऐकला. रोज पंधरा मिनिटं, एक लहानसा उतारा. मोठ्या माणसानं आणि मुलानं शेजारी बसून, एका सुरात, बोलल्यासारखं मोठ्यानं वाचायचं. तोच उतारा तीन-चार दिवस. पुठ्ठा नाही, बोट नाही. आणि मूल चुकलं तरी थांबायचं नाही, पुढे जायचं.

“चुकलं तरी थांबायचं नाही?” आत्यानं विचारलं. हे म्हणजे तिला कुणी घराला आग लागली तरी झोपून राहा म्हणावं तसं झालं.

“नाही थांबायचं.”

भिंतीवर एक तक्ता होता. हरणं, ससे आणि कासवं. कासवांच्या रांगेत मुंगीचं नाव शेवटून दुसरं होतं. आत्याची नजर तिथे गेली आणि तोंडाचा पट्टा सुटला. “आणि हे काय? लेकरांना जनावरांच्या रांगेत उभं करायचं? मधल्या सुट्टीत पोरं तिला काय म्हणून हाक मारत असतील, याचा विचार केलाय कधी? लाज नाही वाटत?”

एवढ्या एका बाबतीत आत्याचं म्हणणं खरं होतं. बाईंनाही ते ठाऊक असावं, कारण त्यांनी नुसता पुठ्ठा परत केला. आत्या तो पर्समध्ये टाकून ताठ मानेनं बाहेर पडली. जिंकल्यासारखं तिला वाटत होतं.

घरी आल्याआल्या तिनं वाचनाचा तास दुप्पट केला. एकाचे दोन. चहाचा कप बाजूला, लाल पेन्सिल हाताशी, आणि मुंगी समोरच्या स्टुलावर. एक शब्द चुकला की ओळ पहिल्यापासून. स्वल्पविरामालासुद्धा ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, म्हणजे तो नजरेतून सुटत नाही. छापखान्यात तसंच वाचायचे. मुंगी बिचारी गुणी. साबणाच्या खोक्यावर, बसच्या तिकिटावर, दुकानांच्या पाट्यांवर ती चुका शोधून आणायची, आणि आत्या म्हणायची, “शाब्बास! मोठमोठ्यांना दिसली नसती.” त्या शाब्बासकीसाठी पोर काहीही करायला तयार होती. फक्त अलीकडे साडेतीन वाजले की तिच्या पोटात दुखायचं.

भावजयीनं पहिल्या आठवड्यात पोटदुखीवर औषध दिलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं विषय काढला.

“ताई, बाईंनी सांगितलंय तसं एकदा करून बघू या की.”

“कर की. वेळ आहे तुला?”

हे वर्मी लागलं. दिवसभर लोकांच्या दंडाला सुया टोचून आलेली बाई, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भांडी जरा जोरातच ठेवली. आत्याही काही कमी नव्हती. “भांड्यांवर कशाला राग? माझ्यावर काढ!” ती बाहेरून म्हणाली.

“काढीन,” आतून आवाज आला, “वेळ मिळाला की.”

भाऊ रविवारी घरी होता. दोघींनी आपापली बाजू त्याच्यापुढे मांडली. “तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा,” म्हणून त्यानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. त्यावर मात्र दोघींचं प्रथमच एकमत झालं, की हा माणूस काही कामाचा नाही.

सहा आठवडे असे गेले. घरात दोन बायका एकमेकींशी भांड्यांच्या आणि दारांच्या भाषेत बोलत होत्या, आणि मधे मुंगी एकेक शब्द सरकत होती. आत्याला मनातून धाकधूक नव्हती असं नाही. तिनं स्वतः एकदा स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजलं होतं. एकतीस शब्द. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मुंगी दुसरीत गेली तर तो शिक्का मुंगीच्या कपाळावर बसणार होता, आणि त्याखाली आपलीच सही असणार हे तिला कळत होतं. पण अचूक वाचणाऱ्या मुलीला कुणी नापास करूच कसं शकतं? हातच्या काकणाला आरसा कशाला!

तपासणी मुख्याध्यापिकांच्या खोलीत होती. भावजयीनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली आणि सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसली. घड्याळबाईंनी मुंगीपुढे एक छापील कागद ठेवला आणि पुठ्ठा हळूच बाजूला केला. बटण दाबलं.

मुंगी वाचू लागली. स्वच्छ, एकेक शब्द सुटा, हिशेबाला बसल्यासारखा. चौथ्या ओळीशी ती थांबली. तिनं बोट ठेवलं, वरच्या ओळीकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. घड्याळाचा काटा फिरत होता. भावजयीनं पदराचं टोक मुठीत धरलं.

“ही ओळ दोनदा छापलीय,” मुंगी म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी कागद ओढून घेतला. खरंच होती. तीच ओळ, एकीखाली एक.

“किती वर्षं वापरतोय आपण हा?”

“चार,” बाई म्हणाल्या.

झालं! आत्या खुर्चीतून उठली. “चार वर्षं! चार वर्षं तुमच्या नाकाखाली ही ओळ दोनदा पडलीय, आणि कुणाला पत्ता नाही! आणि जिनं पकडली तिला तुम्ही दुसरीत घालणार? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. पोरीला वाचता येत नाही नव्हे, तुम्हाला वाचता येत नाही!”

मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला. भावजयीनंसुद्धा मुंगीच्या पाठीवरून हात फिरवला. घड्याळबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

“या कागदावर दोनशे मुलं वाचून गेली,” त्या म्हणाल्या. “बहुतेकांनी ती ओळ एकदाच वाचली आणि पुढे गेली. त्यांना पुढे काय होतंय ते हवं होतं.” मग त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं. “पण चूक आमची आहे. हा कागद रद्द. दुसरा घेऊ. आणि यावेळी घड्याळ नाही लावत. हवं तितकं सावकाश वाच, बाळ. वाचून झाल्यावर मला फक्त गोष्ट सांग.”

‘आली ताळ्यावर,’ आत्या मनात म्हणाली आणि ऐसपैस बसली. दुसऱ्या कागदाची एक प्रत तिलाही मिळाली. मुंगीनं वाचायला सुरुवात केली तशी आत्यानं गुडघ्यावर कागद पसरून बोट ठेवलं. जुनी सवय. भाची मोठ्यानं वाचतेय, आत्या ताडून बघतेय. दोघी जणू त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसल्या. एक पान वाचायला मुंगीला सहा मिनिटं लागली. एक शब्द चुकला नाही. एक काना इकडचा तिकडे झाला नाही. अभिमानानं आत्याचा ऊर भरून आला.

“छान,” बाई म्हणाल्या. “काय झालं गोष्टीत?”

मुंगीनं आत्याकडे पाहिलं.

“सांग ना. काय काय झालं?”

“काही नाही झालं,” मुंगी म्हणाली. “सगळं बरोबर होतं.”

बाईंनी आवाज खाली आणला. “तसं नाही गं. गोष्टीत कोण होतं? माणूस होता की बाई? कुठे निघालं होतं कुणी?”

मुंगीनं पुन्हा आत्याकडे पाहिलं. “मी तपासत होते,” ती म्हणाली. “गोष्टीत रमायचं नसतं.”

“घाबरलीय ती!” आत्या कडाडली. “इतक्या जणी डोळे वटारून बसल्यावर दुसरं काय होणार? एवढी सोपी गोष्ट! लहान पोरगंही सांगेल!”

“मग तुम्ही सांगा,” घड्याळबाई म्हणाल्या.

त्या कुचेष्टेनं म्हणाल्या असतील, नसतीलही. आत्यानं तोंड उघडलं. कागद तिच्या हातात होता. शेवटून तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता, तो तिला आठवत होता. एका ठिकाणी दोन शब्दांमधली जागा जास्त होती, तीही आठवत होती. बाकी काही नव्हतं. माणूस होता का बाई, हे सांगायला तिला खाली बघावं लागलं असतं, आणि चार डोकी तिच्याकडे टक लावून पाहत होती. एकतीस वर्षांत हातांखालून कादंबऱ्या गेल्या, प्रवासवर्णनं गेली, माणसांची आख्खी आयुष्यं गेली. त्यांतली एकही तिला सांगता आली नसती. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ती खाली बसली.

मुख्याध्यापिकांनी निर्णय सांगितला. वाचनाच्या तासाला मुंगीनं दुसरीत बसायचं, दोन महिने, मग पुन्हा बघू. घरी रोज पंधरा मिनिटं, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. हा दुसरा कागद सोबत न्यायचा, रोज मागचं पुन्हा वाचायचं आणि थोडं पुढे जायचं. हे सगळं त्यांनी भावजयीकडे पाहून सांगितलं.

तिघी घरी निघाल्या. आत्या वाट बघत होती, आता भावजय तोंड सोडेल, मग आपणही सोडू. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भावजय बोललीच नाही. बोलली ती मुंगी.

“आत्या, आता साडेतीनला तुझ्याकडे नाही ना बसायचं?”

दुसरीत घातल्याचं पोरीला काहीच वाटलं नव्हतं. सुटल्यासारखी विचारत होती. आत्याला ते इतकं लागलं की तिनं चालायचा वेग वाढवला आणि घरापर्यंत पुढेपुढेच चालत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून भावजयीनं इस्पितळातली पाळी बदलून घेतली. संध्याकाळी सहाला ती आणि मुंगी पलंगावर मांडी घालून बसायच्या, कागद दोघींच्या गुडघ्यांवर. दार उघडंच असायचं. आत्या बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसायची आणि दातओठ खायची. भावजय वाचायची म्हणजे काय वाचायची! शब्द गिळायची, असलेले सोडायची, नसलेले घालायची. मुंगी तिच्या सुरात सूर मिसळून धावत सुटायची, अडखळायची, हसायची, पुन्हा पळायची. पहिल्या संध्याकाळी पाच मिनिटांत आत्यानं अकरा चुका मोजल्या. बाराव्या चुकीला ती उठून दारात गेली. “अगं, ‘पिशवीत’ नाही, ‘पिशवीच्या तळाशी’ आहे तिथे!”

“आत्या, तू नको ना,” मुंगी म्हणाली.

भावजयीनं उठून दार लोटून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लोटलं.

चौथ्या दिवशी आत्याचं मोजायचं राहून गेलं. कधी राहिलं ते तिलाही कळलं नाही. लोटलेल्या दाराआडून दोन आवाज येत होते. कुणी एक टपालवाला होता. त्याच्या पिशवीच्या तळाशी पत्ता नसलेलं पत्र निघालं होतं. ते घेऊन तो दारोदार विचारत फिरत होता, हे तुमचं का? आणि जो तो म्हणत होता, हो, माझंच. शेवटच्या घरात एकटी राहणारी बाई होती. तिनं पत्र हातात घेतलं, उलटून पाहिलं, आणि ती म्हणाली...

“बास. उरलेलं उद्या,” भावजय म्हणाली. आतून मुंगीचा “ए, नाही! आई, थोडंसंच!” असा आरडाओरडा ऐकू आला, आणि मग नळाचा आवाज.

कागद पलंगावरच राहिला होता. आत्या आत गेली, चष्मा लावला आणि कागद उचलला. शेवटचं घर तिला सापडलं. बाई सापडली. बोट आपोआप ओळीखाली गेलं. तिनं ते मुद्दाम उचललं, तर नजर थेट त्या राहिलेल्या स्वल्पविरामावर जाऊन बसली. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. शब्द सगळे बरोबर होते, जागच्या जागी होते, आणि त्यांच्या मागे कुणीही नव्हतं. तिसऱ्यांदा वाचताना तिला घाम आला.

भावजय हात पुसत दारात आली.

“काय चूक सापडली?” तिनं विचारलं. आवाजात सुई होतीच.

“नाही.” आत्यानं कागद खाली ठेवला. “ती बाई... पत्र घेऊन काय म्हणाली ती?”

“हातात तर होता कागद. वाचायचं की.”

“वाचला.”

“मग?”

“मला नाही कळलं,” आत्या म्हणाली.

भावजय तिच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांचा हिशेब त्या नजरेत होता, आणि त्यातला एकही आकडा तिनं माफ केला नव्हता. कागद उचलून तिनं घडी घातली आणि कमरेला खोचला.

“उद्या सहाला,” ती म्हणाली. “दार उघडं ठेवीन. पण बाहेरच बसायचं, आणि मधे एक शब्द बोलायचा नाही.”

“नाही बोलणार,” आत्या म्हणाली.